कोंड्याचा सिनेमा

आमच्या गुरुजींनी आयुष्यात कुणालाही त्याचं वाक्य त्याच्या बुद्धीने बोलू दिलं नाही. तुम्ही तोंड उघडायच्या आत तुमचं वाक्य गुरुजींच्या तोंडून बाहेर पडलेलं असायचं, आणि तुमच्याकडे फक्त त्याच्यामागून जायचं काम उरायचं. वर्गात ते विचारायचे, "भारताची राजधानी कोनती?" आणि पोरगं उभं राहून डोकं खाजवतंय तोवर स्वतःच म्हणायचे, "दिल्ली. बोल, दिल्ली." पोरगं म्हणायचं दिल्ली. "शाब्बास!" गुरुजी म्हणायचे, आणि ती शाबासकी अगदी मनापासून असायची. आमच्या शाळेतून तोंडी परीक्षेत कधी कुणी नापास झालं नाही, त्याचं कारण हे.

यात त्यांचा दोष नव्हता, ती धंद्याची सवय होती. नवेगाव बांधच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या प्राथमिक शाळेत ते मास्तर होते, पण दिवाळी झाली, धान कापून झाले आणि गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायला लागली की ते प्रॉम्प्टर व्हायचे. आमच्या झाडीपट्टीतली नाटकं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे नट वाक्यं पाठ करत बसत नाहीत. आज या गावात एक नाटक, उद्या त्या गावात दुसरं, पाठ करायला वेळ कुणाला आहे? स्टेजच्या पुढच्या बाजूला एक खड्डा केलेला असतो, त्यात प्रॉम्प्टर बसतो. राजाचं, राणीचं, खलनायकाचं, सगळ्यांचं बोलणं तो आधी बोलत जातो आणि नट त्याच्या मागोमाग. "नट पडला तं चालते, प्रॉम्प्टर पडला तं नाटक पडते," असं गुरुजी म्हणायचे, आणि आपल्या मोठेपणाबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नसायची.

पंधरा ऑगस्टला सरपंचाचं भाषणही तेच चालवायचे. झेंड्यामागे उभं राहून एकेक वाक्य सोडायचे आणि सरपंच ते माइकमध्ये म्हणायचा. एका वर्षी गुरुजी म्हणाले, "बंधू-भगिनींनो." सरपंच म्हणाला, "बंधू-भगिनींनो." मग गुरुजी म्हणाले, "माइक थोडा दूर धर बे," आणि सरपंचाने सगळ्या गावाला खणखणीत आवाजात बजावलं, "माइक थोडा दूर धर बे!" टाळ्या पडल्या. गुरुजींना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं, एवढं त्यांना पुरे होतं.

त्यांना दाद द्यायची नाही ती एकटी त्यांची बायको. आम्ही तिला काकू म्हणायचो. गुरुजी दारातूनच सुरू व्हायचे, "आता तू म्हनशील, भाजी काऊन नाही आनली." काकू चुलीवरून मान न वळवता म्हणायच्या, "मी कायले म्हनू? मी तं म्हनतो, चपला बाहेर काढा." एकदा महाशिवरात्रीला आम्ही सगळे प्रतापगडच्या यात्रेला गेलो होतो. काकूंनी महादेवापुढे हात जोडले, डोळे मिटले, आणि त्यांच्या वतीने गुरुजींनी मोठ्याने नवस बोलून टाकला. काकूंनी डोळे उघडलेसुद्धा नाहीत. तशाच म्हणाल्या, "देवा, हा माजा नोहे. माजा मी मनात बोलली आहो." सगळा संसार असाच झाला. ते एक वाक्य द्यायचे, त्या दुसरंच बोलायच्या. माझं ठाम मत आहे की म्हणूनच गुरुजींचा त्यांच्यावर एवढा जीव होता. सगळं गाव त्यांच्या मागून बोलत होतं, आणि घरी आल्यावर एक बाई होती जिचं पुढचं वाक्य त्यांना माहीत नसायचं.

या थंडीत काकू गेल्या.

काचबिंदूने गुरुजींची नजर आधीच गेलेली होती. आता त्यांनी जेवणही सोडलं. मी लग्न झाल्यापासून गोंदियाला, फुलचूरला राहते, तिथे माझं शिवणकामाचं दुकान आहे. गुरुजींच्या सुनेचे ब्लाउज मीच शिवते, त्यामुळे खबर येत-जात असते. तिने फोनवर सांगितलं, "ताई, भिंतीकडे तोंड करून पडून राहतेत. ताट नेलं की 'ठेव' म्हनतेत, आन ताट तसंच वापस येते. चहा तेवढा पेतेत. डॉक्टर म्हनते, बिमारी काही नाही, पन असंच चाललं तं जास्त दिवस नाही. आन गावात लोक म्हनून राहिले, सारसाचा जोडा होता तो. एक गेला, आता दुसरा का जगते?"

सारस आमच्या भागातला पुरुषभर उंचीचा पक्षी. लाल मान, राखाडी अंग, धानाच्या बांध्यांतून नेहमी जोडीने फिरतो. जोडीतला एक मेला की दुसरा अन्नपाणी सोडून प्राण देतो, असं आमच्याकडे मानतात. पक्ष्यांचे जाणकार काय म्हणतात ते मला माहीत नाही. पण आमच्या गावातल्या पोरांच्या डोक्यात ही गोष्ट इतकी घट्ट कुणी बसवली ते मला पक्कं माहीत आहे. गुरुजींनी, आणि तीही एका परदेशी कार्टूनच्या आधाराने.

टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणून सिनेमा बघायचे ते दिवस. शाळेच्या गॅदरिंगसाठी गुरुजींनी गोंदियाहून पौराणिक सिनेमाची कॅसेट आणली. वर चिठ्ठीही देवाच्या नावाची होती. गावातल्या बायांनी टीव्हीपुढे अगरबत्ती लावली, हात जोडले, आणि पडद्यावर आलं कार्टून. उतरत्या छपरांची घरं, लांब चोचीचे पांढरे पक्षी, लाल टोपीवाला एक पोरगा, आणि बोलणं अशा भाषेत की ती कोणत्या मुलखातली यावर गावात आजही एकमत नाही. दुकानदाराने चुकीची कॅसेट दिली होती. दुसरा कुणी असता तर खजील होऊन टीव्ही बंद केला असता. गुरुजी उठले, टीव्हीच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हाच आनाचा होता." आणि त्यांनी सिनेमाला प्रॉम्प्टिंग सुरू केलं.

आता त्या सिनेमात सगळीकडे बर्फ पडत होता. बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता, गुरुजींनीही नाही. पण घराच्या धुराड्यातून धूर निघतोय आणि वरून पांढरं-पांढरं उडून अंगणात, छपरांवर, झाडांवर साचतंय, हे दृश्य आम्हाला अगदी ओळखीचं होतं. "राईस मिल चालू आहे," गुरुजींनी जाहीर केलं. "कोंडा उडून राहिला." कुणालाही शंका आली नाही. आमच्या जिल्ह्यात पांढरं उडतं ते राईस मिलचंच. मग त्या धुराड्याच्या घरात राहणारा दाढीवाला म्हातारा आपोआप मिलचा शेठ झाला आणि लाल टोपीवाला पोरगा त्याचा हमाल. पांढऱ्या पक्ष्यांना गुरुजींनी सारस ठरवलं. त्यातल्या एका मादीचा पंख मोडतो, बाकी थवा उडून जातो, तिचा नर तेवढा तिच्याजवळ थांबतो. "शेठ, मिल बंद कर, कोंड्यानं पाखरू मरन," गुरुजी ओरडायचे, आणि पाठोपाठ पडद्यावरचा पोरगा तोंड उघडून त्याच्या भाषेत काहीतरी बोलायचा. त्या म्हाताऱ्याला आम्ही बसल्या जागेवरून काय काय शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

वाक्य गुरुजींचं आधी, मग पडद्यावरचं तोंड हलायचं. त्यामुळे आम्हा पोरांची खात्री होती की ती चित्रं गुरुजींचं ऐकून बोलतात. नाटकात नाही का बोलत, तशीच. ती कॅसेट गुरुजींनी काही परत केली नाही, आणि दरवर्षी गॅदरिंगला तोच सिनेमा लागू लागला. एका वर्षी गुरुजी तापाने घरी होते, तर नव्या मास्तरांनी नुसतीच कॅसेट लावली. थोड्याच वेळात गलका झाला. माझ्या शेजारची पोरगी उभी राहून म्हणाली, "सर, बंद करा. सांगनारा नाही तं ते काहीच्या काही बोलून राहिले. पाठ नाही त्यायले!" नव्या मास्तरांना काही समजलं नाही, पण सिनेमा बंद करावा लागला. आणखी एकदा मध्येच लाइट गेली. गुरुजींनी अंधारात उरलेला सिनेमा तोंडाने पूर्ण केला आणि आम्ही समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी लाइट आल्यावर कॅसेट जिथे थांबली होती तिथूनच सुरू झाली. गुरुजी टीव्हीला म्हणाले, "आता उठला का? काल संपला तो."

शेवट असा होता. मोडक्या पंखाची मादी अंगणात आडवी होते आणि तिच्यावर पांढरं साचत जातं. "निजली," गुरुजी म्हणायचे, "थकली होती बिचारी." मग सकाळ होते, नर नदीवर जातो, पाण्यात चोच घालून मासा धरतो. "बायकोसाठी धरून राहिला. तिनं खाल्ल्याशिवाय सारस खात नाही. एक मेला तं दुसरा उपाशी मरते, असा जोडा असते सारसाचा." आणि इथे गुरुजी दोन्ही हात पसरून, धोतराचा सोगा सावरत, सगळ्या वर्गभर पंख हलवत पळायचे. "उठली! उठली!" आम्ही सगळे टाळ्या पिटत गुरुजींकडे बघायचो. पुन्हा पडद्याकडे बघेपर्यंत आभाळात मोठा थवा उडत असायचा, आणि गुरुजी बोट दाखवून सांगायचे, "ते पाहा, जवर-जवर उडून राहिले ते दोघं. तेच."

माझ्यावर या सिनेमाचा परिणाम विचाराल तर लग्नानंतर आम्ही मनालीला गेलो होतो, तिथे पहिल्यांदा बर्फ पडताना पाहिला आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई, कोंडा!" नवऱ्याने ही गोष्ट सासरी सगळ्यांना सांगितली. अजून सांगतो.

सुनेचा फोन येऊन गेला त्याच आठवड्यातली गोष्ट. दुकानात एक बाई माप द्यायला आली होती आणि तिची लहान मुलगी स्टुलावर बसून फोन बघत होती. मी टेप तिच्या आईच्या खांद्यावर धरला आणि मागून एक शीळ ऐकू आली. लाल टोपीवाला पोरगा पक्ष्याला बोलवायला वाजवायचा ती शीळ. माझ्या हातातून टेप गळला. "बेटा, दिखा जरा," मी म्हणाले. तोच सिनेमा. तीच उतरती छपरं.

रविवारी दुकान बंद ठेवून मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, खाली हिंदीत अक्षरं येत होती ती वाचत. पहिला अर्धा तास मला त्या सिनेमाचाच राग आला. कुठे मिल नाही, कुठे शेठ नाही, नुसता हिवाळा. ज्याला आम्ही इतक्या शिव्या दिल्या तो म्हातारा त्या पोराचा आजोबा निघाला, आणि पक्ष्याचा पंख बांधायला रात्रंदिवस धडपडणारा तोच. मी मोठ्याने त्याची माफी मागितली. मूळ सिनेमा गुरुजींच्या सिनेमाइतका चांगला नाही, हे माझं मत आजही कायम आहे.

मग शेवट आला. मादी झोपलेली नव्हती. ते मला लहानपणीही आतून कुठेतरी ठाऊक असावं, कारण मला धक्का बसला नाही, फक्त काकू आठवल्या आणि मी रडले. पण नंतर नर नदीवर गेला, त्याने मासा धरला, आणि मी डोळे पुसायची थांबले. त्याने तो मासा गिळला. स्वतः. मान वर करून, सावकाश, सगळा. मग दुसरा धरला आणि तोही खाल्ला. आभाळातून थवा आला तेव्हा तो त्यात एकटाच सामील झाला.

हे चित्र मी लहानपणी दरवर्षी समोर बसून पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं. कारण नेमक्या त्या वेळी गुरुजी हात पसरून पळत असायचे आणि आम्ही त्यांच्याकडे बघत असायचो. पडद्याकडे पाठ फिरवून पळणाऱ्या गुरुजींनीही ते पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळच्या बसने मी गावी गेले. सून दारातच भेटली, डोळे खोल गेलेले. आतल्या खोलीत गुरुजी खाटेवर होते, भिंतीकडे तोंड करून. इतके बारीक झाले होते की चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं. मी नाव सांगितलं.

"आता तू म्हनशील, गुरुजी, थोडं खा," ते भिंतीलाच म्हणाले.

"नाही म्हनत," मी म्हणाले. "कोंड्याचा सिनेमा आनला."

मग त्यांनी कूस बदलली. "कॅसेटले तं बुरशी लागली. फेकली तुह्या काकूनं."

"फोनमध्ये आहे."

मी फोन उशीला टेकवून ठेवला आणि सिनेमा सुरू केला. शीळ वाजली. गुरुजींचे ओठ हलले. पहिली काही वाक्यं नुसती ओठांतच गेली, मग आवाज आला. पातळ, चिरका, पण वाक्य अजूनही आधीच. दिसत काही नव्हतं, नुसत्या आवाजावर त्यांनी अख्खा सिनेमा चालवला. मिल चालू झाली, कोंडा उडाला, शेठला शिव्या बसल्या. खाली अक्षरांत बिचारा आजोबा नातवाला धीर देत होता, आणि इकडे गुरुजी त्याच्या तोंडी म्हणत होते, "मिल बंद होनार नाही, जा!" सून दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभी होती.

मादी आडवी झाली. बाजा थांबला, वाऱ्याचा आवाज आला. "निजली," गुरुजी म्हणाले. पुढचं "थकली होती बिचारी" त्यांना म्हणता आलं नाही.

मग पाण्याचा आवाज आला. "नदीवर आला," ते म्हणाले. "बायकोसाठी मासा धरून राहिला."

मी फोन थांबवला. "नाही, गुरुजी."

"का नाही?"

"धरला. पन तिच्यासाठी नाही. गिळला त्यानं."

"कोनी?"

"त्यानंच. सोता खाल्ला."

"खोटी बोलून राहिली तू."

"मी डोळ्यांनं पाहून राहिली, गुरुजी."

"सारस खात नाही!" ते ओरडले. एवढा आवाज त्या अंगात शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं.

मीही आवाज चढवला. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांना गमवायची भीती वाटत होती, आणि त्या वेळी दोन्ही एकच होतं. "हा खाऊन राहिला! ती मेली आहे, आन हा खाऊन राहिला. तुम्ही दरवर्षी त्याले सांगत होते, पन त्यानं तुमचं एक बार नाही आयकलं."

'मेली' हा शब्द त्या घरात अजून कुणी उच्चारला नव्हता. सगळे 'गेल्या' म्हणत होते. सुनेने तोंडावर पदर धरला. गुरुजी नुसते पडून राहिले, आणि माझ्या मनात आलं की झालं, मीच मारलं यांना.

"वापस लाव," ते म्हणाले.

मी मागे नेऊन लावलं. पाण्याचा आवाज, चोचीचा टक्क आवाज, मग घोट गेल्यासारखा. त्यांनी फोन हाताने चाचपून कानाजवळ ओढला. "आखीन एक बार." मी आणखी एकदा लावलं.

"खाता-खाता रडून राहिला का तो?" त्यांनी विचारलं.

मी नीट बघितलं. जे होतं तेच सांगायचं ठरवलं. "मान खाली आहे, गुरुजी. पिसं फुगलेली आहेत. रडून राहिला का ते नाही समजत. पन खाऊन राहिला."

"कोनता मासा होता?"

"मरळ," मी ठोकून दिलं.

"मरळ असा एका झटक्यात गिळता येते का? लहान असन."

"लहानच होता."

ते उठून बसायला लागले. मी हात द्यायला गेले तर त्यांनी झटकला. सून केव्हा आत गेली आणि केव्हा ताट घेऊन आली ते मला कळलं नाही. तिने ताट मांडीजवळ ठेवलं आणि त्यांचा हात धरून भातावर नेला. त्यांनी बोटांनी भात कालवला, बराच वेळ नुसता कालवत राहिले. मग घास तोंडात घातला, चावला, गिळला, आणि तोंड वाकडं केलं.

"भात गिचका झाला."

एरवी या वाक्यावर त्या घरात सासरा-सुनेची दिवसभर जुंपली असती. सून तिथेच उंबऱ्यावर बसली आणि हुंदके देत रडायला लागली. "उद्या मोकळा करीन, मामाजी," ती कसंबसं म्हणाली.

"कर," गुरुजी म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.